वळूची परीक्षा लेकी देतात

[दृश्य: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं गाव, पहाट. दूध संस्थेपुढे कॅन घेऊन उभी माणसं.]

कुणाचं चार लिटर, कुणाचं नऊ. नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागतो, सेक्रेटरी वहीत आकडा टाकतो. थोड्या वेळानं टेम्पो निघेल कुर्टीला, गोवा डेअरीकडे.

वहीत मालकाचं नाव आहे. दूध कुठल्या गाईचं, ते नाही. वळूच्या निवडीचं घोडं अडतं ते इथेच.

कारण वळू दूध देत नाही. त्याची आई किती द्यायची यावरून अंदाज बांधता येतो, पण खरी पारख त्याच्या लेकी दुधावर आल्यावरच. त्याही एका गोठ्यातल्या चालत नाहीत. हिरवा चारा आणि पेंड भरपूर असेल, तर बेताची कालवडसुद्धा बादली भरते. मग श्रेय बापाचं की पेंडीचं? लेकी अनेक गावांत, अनेक मालकांकडे हव्यात. दोन-तीन गाईंच्या गोठ्याला हे एकट्यानं झेपणारं नाही. डेन्मार्कच्या सामसो बेटावरच्या शेतकऱ्यांनी 1936 मध्ये कृत्रिम रेतनासाठी, म्हणजे एका वळूचं वीर्य अनेक गाईंना टोचण्यासाठी, सहकारी संस्था काढली. आपल्याकडे गुजरातेतल्या मेहसाण्याच्या दूध संघानं म्हशींसाठी संतती परीक्षण, म्हणजे लेकींच्या दुधावरून बापाची पारख, चालवलं.

[दृश्य: नत्राच्या पात्रातून वाफ. वळूचं गोठवलेलं वीर्य भरलेली कांडी बाहेर येते.]

हिशोब लांबचा आहे. आज टोचणी केली, तर नऊ महिन्यांनी वासरू. ती कालवड व्यायला आणखी तीनेक वर्षं. मग तिचं 305 दिवसांच्या वेताचं दूध मोजायचं. निकाल हाती येईपर्यंत पाच वर्षं जातात. वळू तोवर उतरलेला असतो, कधी मेलेलाही. त्याच्या कांड्या मात्र द्रवरूप नत्रात, उणे 196 अंशांवर, शाबूत असतात. हल्ली जनुकीय चाचणीनं वासरू असतानाच अंदाज येतो. पण तो अंदाजही कुणीतरी, कुठेतरी मोजून ठेवलेल्या दुधावरच बेतलेला असतो.

गोठ्यातलं काम वेगळंच. सकाळी गाईचा माज (गाभण राहण्याची वेळ) दिसला तर टोचणी संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. वेळ हुकली की पुन्हा 21 दिवस थांबा. हे गणित बायकांना जास्त चोख ठाऊक असतं. सोट, म्हणजे माजातल्या गाईचा चिकट स्राव, पहिल्यांदा त्यांनाच दिसतो.

[दृश्य: रानाच्या कडेला चरणारी पांढरी गाय.]

ही श्वेत कपिला, गोव्याची गावठी गाय. नाकपुडीपासून शेपटीपर्यंत पांढरी, पापण्यासुद्धा. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद आहे. दूध दिवसाला दोन-तीन लिटर. जर्सीची कांडी दिली तर पुढची पिढी जास्त देईल, पण ती श्वेत कपिला राहणार नाही. तिच्यात सुधारणा हवी तर तिच्यातलेच चांगले वळू निवडायला हवेत, आणि एकच वळू वर्षानुवर्षं गावात ठेवून चालणार नाही, नाहीतर तो आपल्याच लेकींना भरतो. रानात चरणाऱ्या गुरांत तर वासराचा बाप कोण हेच कित्येकदा सांगता येत नाही.

सुरुवात साधी आहे. कानातल्या बारा अंकी बिल्ल्यासमोर वासराचा बाप लिहायचा, महिन्यातून एकदा गाईचं दोन्ही वेळचं दूध मोजून मांडायचं. पण दोन लिटरच्या गाईसाठी हा खटाटोप मालकानं का करावा? दुधासारखे नोंदीचेही पैसे संस्थेनं दिले, तर करेल. फुकट करेल, असं आम्हाला वाटत नाही.