दुसरा साक्षीदार : ग्लासगोचे पोलीस आणि गुंड

नमस्कार. ग्लासगोच्या क्राइम कादंबऱ्यांवर बोलायचंय आणि मला सांगायचंय ते एकच, की या कादंबऱ्यांमधले पोलीस जोडीने का फिरतात याचं उत्तर स्कॉटलंडच्या कायद्यात आहे, आणि ते एकदा कळलं की ही पुस्तकं वेगळीच दिसायला लागतात. पण आधी विल्यम मॅकिलव्हॅनीबद्दल बोलू दे, त्याच्याशिवाय या विषयाला हातच घालता येत नाही.

हा माणूस किलमारनॉकचा, खाणकामगाराचा मुलगा, शाळेत इंग्रजी शिकवायचा. १९७५ साली त्याची 'डॉकर्टी' आली, खाणकामगारांच्याच आयुष्यावरची, तिला व्हिटब्रेड हे ब्रिटनमधलं मोठं साहित्य पारितोषिक मिळालं. झालं, मोठा साहित्यिक म्हणून नाव झालं. आणि दोन वर्षांनी यानं काय लिहावं, तर पोलीसकथा! 'लेडलॉ', १९७७. बऱ्याच जणांना वाटलं हा खाली उतरला.

आता हे 'खाली उतरला' ऐकलं की माझं डोकंच फिरतं. मला सांगा, अभ्यासाच्या पुस्तकात घालून बाबूराव अर्नाळकर कोणी कोणी वाचलेत? करा की हात वर. बघा! झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू, सगळे आठवताहेत ना? आता हात वरच ठेवा, आणि आवडता लेखक कोण असं चारचौघात विचारल्यावर अर्नाळकरांचं नाव ज्यांनी घेतलंय त्यांनीच ठेवा. ...गेले सगळे खाली. एका वाचनालयात मी वर्षानुवर्षं जातो, नाव सांगत नाही, तिथे रहस्यकथा अगदी तळाच्या फळीवर, गुडघे टेकल्याशिवाय नाव वाचता येत नाही, आणि सगळ्यात जास्त झिजलेली पुस्तकं त्याच फळीवरची. मी लेखी सांगितलं, तोंडी सांगितलं, की ही वर घ्या, वयस्कर वाचकांना वाकता येत नाही. उत्तर काय, तर वर 'साहित्य' असतं. अहो, ज्या पुस्तकांनी वाचायची सवय लावली त्यांच्याशी असं वागायचं?

तर लेडलॉ. या इन्स्पेक्टरच्या टेबलाच्या ड्रॉवरमधे किर्केगार्ड, काम्यू आणि उनामुनो आहेत. दुसरा एखादा पोलीस जिथे दारूची बाटली दडवेल तिथे यानं तत्त्वज्ञ दडवलेत! आणि सुरुवात बघा. पहिल्याच पानावर एक पोरगा जीव खाऊन पळतोय, आणि लेखक त्याला 'तू' म्हणतो. तू पळतोयस. म्हणजे वाचकच पळायला लागतो आणि मग हळूहळू लक्षात येतं की खून यानंच केलाय. केल्विनग्रोव्ह पार्कमधे एका तरुण मुलीचं प्रेत सापडतं, आणि 'खुनी कोण' हा प्रश्न तिथे शिल्लकच नसतो. प्रश्न असा, की त्याच्यापर्यंत आधी कोण पोचणार? मुलीच्या बापाला तो मारायला हवाय, शहरातल्या गुंडांना आपापल्या कारणांनी हवाय, आणि लेडलॉला तो जिवंत हवाय. का? कारण लेडलॉ राक्षस वगैरे मानत नाही, त्याच्या लेखी माणसंच असतात आणि माणसंच असली कामं करतात. मी ही कादंबरी पुन्हा पुन्हा वाचतो ती याच्यासाठी.

एक किस्सा सांगतो, मला फार आवडतो. एडिनबरोच्या बुक फेस्टिव्हलमधे एक तरुण मॅकिलव्हॅनीकडे सही घ्यायला गेला आणि म्हणाला, मी पण लिहितोय, लेडलॉसारखंच, फक्त एडिनबरोमधलं. मॅकिलव्हॅनीनं पुस्तकावर लिहून दिलं, एडिनबरोच्या लेडलॉला शुभेच्छा! तो तरुण म्हणजे इयन रँकिन. १९८७ मधे त्याचा इन्स्पेक्टर रीबस आला आणि पुढे जगभर खपला. आणि लेडलॉ? बाजारातून गायब. कितीतरी वर्षं छापलाच नाही, २०१३ मधे नव्याने आला. दोन वर्षांनी मॅकिलव्हॅनी गेला. नशीब एवढंच की तोपर्यंत पुस्तकं पुन्हा दुकानात होती. आता स्टर्लिंगच्या 'ब्लडी स्कॉटलंड' महोत्सवात दिलं जाणारं क्राइमचं मोठं बक्षीस त्याच्याच नावाचं आहे, आणि २०१८ मधे ते कोणाला मिळालं, तर त्याच्या मुलाला, लियमला, 'द क्वेकर'साठी. बापाच्या नावाचं बक्षीस मुलाच्या हातात! असो.

गुंडांबद्दल बोलायलाच हवं. ग्लासगोच्या कडेला सरकारी घरांच्या मोठाल्या वसाहती बांधल्या, घरं दिली पण दुकानं फारशी दिली नाहीत. मग आइस्क्रीमची व्हॅन हेच दुकान. गाणं वाजवत यायची, पोरं धावायची, आणि त्याच खिडकीतून सिगरेटी, काही व्हॅनमधून चोरीचा माल आणि ड्रग्जसुद्धा. कुठला रूट कोणाचा यावरून मारामाऱ्या, एका व्हॅनच्या काचेवर शॉटगन झाडली. एप्रिल १९८४ मधे रुकेझी नावाच्या अशाच एका वसाहतीत व्हॅन चालवणाऱ्या एका मुलाच्या घराला रात्री आग लावली, एकाच घरातले सहा जण गेले, त्यात तान्हं बाळ. आइस्क्रीमवरून! हे कोणी कादंबरीत घातलं असतं तर आपण म्हटलं असतं काहीतरीच लिहितो. या केसकडे मला परत यायचंय...

हो हो, चिठ्ठी मिळाली, पाच मिनिटं. पटापट सांगतो.

स्कॉटलंडच्या फौजदारी कायद्यात एक जुना नियम आहे. गुन्हा सिद्ध करणारी प्रत्येक महत्त्वाची गोष्ट दोन स्वतंत्र ठिकाणांहून सिद्ध व्हावी लागते, एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर शिक्षा होत नाही. इंग्लंडमधे असा सरसकट नियम नाही. म्हणून स्कॉटलंडचा पोलीस कोणाच्या दारात गेला की बरोबर दुसरा हवाच, कारण आरोपी काय बोलला हे दोघांनी ऐकलेलं असावं लागतं. आता कादंबरीकडे बघा. होम्सबरोबर वॉटसन असतो तो कौतुकाला आणि गोष्ट सांगायला. लेडलॉबरोबर हार्कनेस असतो तो कायद्याचा कान म्हणून. तरुण आहे, मिलिगन नावाच्या दांडगट इन्स्पेक्टरच्या हाताखालून आलाय, त्या मिलिगनला जग सरळ आपले आणि त्यांचे असं दिसतं. दोन साहेबांच्या मधे सापडलेल्या पोराला सारखं ठरवावं लागतं, मी नक्की कशाला 'हो, मीही ऐकलं' म्हणणार?

आणि गुंडाचं काम किती सोपं होतं बघा. दोघांपैकी एकाला गप्प केलं की केस खलास. म्हणून या कादंबऱ्यांमधे गुंड पिस्तूल कमी काढतात आणि लोकांच्या घरी बसून चहा पीत गप्पा जास्त मारतात, भीती वाटते ती त्या गप्पांचीच.

आता ती आइस्क्रीमची केस. दोघांना जन्मठेप झाली. त्यातल्या एकाने म्हणे पोलिसांसमोर एक वाक्य उच्चारलं होतं, आणि चार पोलिसांनी ते शब्दन् शब्द सारखं नोंदवलं. चौघांनी! अपिलात स्मरणशक्तीच्या अभ्यासकाची साक्ष झाली, की ऐकलेलं माणसाच्या असं अक्षरशः लक्षात राहत नाही, चौघांच्या तर नाहीच. २००४ मधे शिक्षा रद्द झाली, वीस वर्षांनी. नियम दोन साक्षीदारांचा होता, इथे चार होते, आणि तरी ती माणसं आत गेली होती. ग्लासगोच्या लेखकांना हे सगळं माहितीये, त्यांच्या शहरात घडलंय, म्हणूनच त्यांचा जोडीतला दुसरा पोलीस कधी नुसता मान डोलवणारा नसतो.

'लेडलॉ' वाचणार असाल तर हार्कनेसवर नजर ठेवून वाचा. नंतर डेनिस मीनाची 'द लाँग ड्रॉप', पीटर मॅन्युएलवर आहे, १९५८ मधे बारलिनी तुरुंगात फाशी गेलेला खुनी. संयोजक उभे राहिलेत, घ्या प्रश्न.