रात्रीचा गारठा त्याच्या हक्काचा

(ऑन्टारिओतल्या मराठी कुटुंबांपुढे हिवाळ्याच्या तोंडावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पुढच्या रांगांत मुलं आणि मागे आईवडील अशी बसण्याची व्यवस्था बघून बरं वाटलं. घरोघरची विभागणीही साधारण अशीच असते. शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, हट्टाने आणतात मुलं, आणि डिसेंबर लागला की रात्री उठून त्याच्या पिंजऱ्याला हात लावून बघतात ते आईबाबा. मी पशुवैद्य आहे. कुत्र्यामांजरांबरोबर सरडे, कासवं, साप हेही माझ्याकडे येतात. हिवाळ्यात येणाऱ्या शॅमेलिऑनांबद्दल जे दिसतं, ते आधीच सांगून टाकते. गारठून आजारी पडलेले त्यांत असतात, पण थोडे. जास्त करून येतात ते मायेपोटी रात्रंदिवस तापवून ठेवलेले.

आपला स्वभावच तसा. थंडी म्हटली की कानटोपी, मोजे, हळदीचं दूध. बाहेर उणे पंधरा दिसतं आणि मनात येतं, बिचारं वाळवंटातलं जनावर, याचं काय होणार? मग दुकानदार देईल ते घरी येतं. वर दोन बल्ब, तळाशी गरम होणारी मॅट, रात्रीसाठी लाल दिवा. पिंजरा चोवीस तास २८ अंशांवर. घरातल्या सगळ्यांना शांत झोप लागते, एक तो सोडून.

पण हा वाळवंटातला नाहीच मुळी. तुमच्यापैकी बहुतेकांकडे डोक्यावर उंच तुरा असलेला व्हेल्ड शॅमेलिऑन आहे. त्याचं घर म्हणजे येमेनचा डोंगराळ भाग आणि त्याला लागून असलेला सौदी अरेबियाचा नैर्ऋत्य कोपरा. इब्ब शहराच्या आसपासचा हा मुलूख समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंच. दिवसा लख्ख ऊन, आणि थंडीच्या दिवसांत रात्री चांगला गारठा. केनियातला तीन शिंगांचा जॅक्सन तर माउंट केनियाच्या उतारांवर राहतो, त्याला रात्रीचे दहाबारा अंश काहीच नाहीत. उबदार रात्रीची सवय आहे ती मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनला, कारण तो किनारपट्टीच्या सखल भागातला. तेव्हा पहिला प्रश्न ‘किती तापवू’ हा नाही. आपला कुठला, हे आधी विचारायचं.

आता त्याचं शरीर. आपण जेवतो आणि त्यातून आतल्या आत ऊब तयार करतो. त्याला ते जमत नाही, तो ऊब बाहेरून घेतो. सकाळी दिवा लागला की तो अंगाची एक बाजू दिव्याकडे करून चपटा होतो आणि गडद होतो, जवळजवळ काळपट. कातडीतल्या पेशींत काळं रंगद्रव्य पसरतं आणि ऊन जास्त शोषलं जातं. अनेक पालक या काळपटपणाला घाबरून फोन करतात. सकाळी अर्धा-पाऊण तास तो काळा दिसला तर ते त्याचं रोजचं काम चाललेलं असतं. दुपारीही काळाच राहिला तर मात्र त्याला पुरेशी ऊब मिळत नाहीये किंवा तो आजारी आहे. आणि दिव्याखाली फिकट पडून तोंड उघडून बसला असेल, तर तिथे फार तापलंय. पोटभर ऊब मिळाली की त्याला बाजूला जाता आलं पाहिजे. म्हणून संपूर्ण पिंजरा गरम करायचा नसतो. वरची एक फांदी गरम, आणि खाली उतरत गेलं की घरातल्या हवेइतकं, वीस-बावीस अंश. तो दिवसभर वरखाली करत आपलं आपण बघून घेतो.

त्या वरच्या फांदीवर प्रौढ व्हेल्ड नरासाठी २९-३० अंश पुरतात. पिल्लांना आणि माद्यांना २७च्या आसपास. माद्यांचं मुद्दाम सांगते. व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी घालते, आणि भरपूर ऊब व भरपूर खाणं मिळालं तर एका वेळी पन्नाससाठसुद्धा. एवढी अंडी बनवायला कॅल्शियम हाडांतून निघतं. पोटात अंडी अडलेली मादी टेबलावर येते तेव्हा मी आधी दिव्याखालचं तापमान विचारते. अनुभवी पाळणारे मादीला थोडं गारव्यात आणि बेताच्या खाण्यावर ठेवतात, ते याचसाठी.

ही ऊब द्यायला महागडं काही लागत नाही. पिंजऱ्याच्या जाळीबाहेर, वर, साधा हॅलोजन बल्ब आणि त्याला डिमर, म्हणजे बल्ब कमीजास्त करायचं बटण. बल्ब आत टांगायचा नाही. तो चढतो, तुरा किंवा पाठ दिव्याला लागते आणि भाजतं. गंमत नाही, पाठीवर कडेने काळा पट्टा घेऊन आलेले शॅमेलिऑन मी बघते. भाजत असताना तो वेळेवर बाजूलाही होत नाही. फांदी दिव्यापासून वीस-पंचवीस सेंटिमीटर खाली बांधा आणि तिथे, त्याची पाठ जिथे येते त्या उंचीवर, प्रोब, म्हणजे वायरीच्या टोकाला तापमान मोजणारी कांडी, असलेलं थर्मामीटर लावा. पिंजऱ्याला चिकटवायचं गोल घड्याळासारखं थर्मामीटर मिळतं, ते पिंजऱ्याच्या भिंतीचं तापमान सांगतं. भिंतीला कोण पाळतंय? तळाची गरम मॅटही परत करून टाका. झाडावर राहणाऱ्या जनावराला ऊब वरूनच यायला हवी.

आता एक गोष्ट, जी मला इथे सगळ्यात महत्त्वाची वाटते. फोनवर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “डॉक्टर, थंड पडलाय, पण खातोय छान, म्हणजे बराच असेल ना?”

२०१० साली साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर अँडरसन आणि स्टीफन डीबन यांनी याच व्हेल्ड शॅमेलिऑनांवर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या तापमानांना जीभ किती जोरात सुटते, हे त्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने मोजलं. सरपटणाऱ्या प्राण्याचे स्नायू गारठ्यात मंदावतात, तेव्हा जीभही मंदावेल अशी कोणाचीही अपेक्षा. पण १० अंशांनी तापमान उतरलं तरी जीभ सुटण्याच्या कामगिरीत फक्त १० ते १९ टक्के घट झाली. तीच जीभ परत ओढून घेण्यात मात्र ४२ ते ६३ टक्के. कारण असं की जीभ थेट स्नायूंच्या जोरावर सुटत नाही. स्नायू आधी सावकाश आकुंचन पावून जिभेतल्या लवचीक कोलॅजनच्या थरांना ताण देतात आणि तो साठवलेला ताण एकदम सुटतो. ताण सुटायला ऊब लागत नाही. परत ओढायला स्नायूच लागतात, म्हणून तिथे गारठा दिसतो. रानात याचा फायदा उघड आहे. सकाळी इतर सरडे ऊन खात बसलेले असतात, तेव्हा हा पठ्ठ्या शिकार करू शकतो.

रानात थोड्या वेळाने ऊन मिळतंच. तुमच्या घरी बल्ब गेलेला असेल, तर गारठलेला शॅमेलिऑन क्रिकेट किडे टिपेल, गिळेल, आणि ते पोटात तसेच पडून राहतील. पचनाला ऊब हवी. न पचलेलं अन्न आत कुजू लागतं. तेव्हा ‘खातोय’ यावर विसंबू नका. खाणं सकाळी, दिवा लागून तासदीड तास झाल्यावर. मावळतीला काही देऊ नका. आपल्याकडे उपाशी झोपवायचं नाही म्हणतात, इथे ते उलटं.

मग रात्र. रात्री दिवा बंद. लाल नाही, निळा नाही, ‘चांदण्याचा’ म्हणून विकतात तो तर नाहीच नाही. त्याला रंग आपल्यापेक्षा चांगले दिसतात. डोळ्यांवर उजेड असेल तर झोप होत नाही, आणि झोप न झालेला शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटून बसतो. बारा तास उजेड, बारा तास गडद अंधार, टायमर लावून. राहिली थंडी. इथली बहुतेक घरं रात्री सतरा-अठरा अंशांवर असतात. व्हेल्डला तेरा ते अठरा अंश मानवतात, उलट हवेच असतात. त्या गारव्यात त्याचं शरीर खरी विश्रांती घेतं. पँथर असेल तर अठरा-वीसच्या खाली फार जाऊ देऊ नका. खोली याहून गार होत असेल, तळघरात होते, तरच उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा, आणि तोही थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला आपोआप बंद-चालू होणारा. थर्मोस्टॅटशिवाय रात्री काहीही तापवायचं नाही, हा माझा कडक नियम आहे. सासूबाई रागावल्या तरी.

(प्रेक्षकांतून : “खिडकीतल्या उन्हात ठेवला तर?”)

चांगलं विचारलंत. उन्हात ऊब असते, उजेड असतो आणि अतिनील किरण असतात. त्यातला हाडांच्या उपयोगाचा भाग म्हणजे यूव्हीबी. तो साध्या काचेतून आत येत नाही. आणि काच उघडली तरी इथे फायदा नाही. बॉस्टनला १९८०च्या दशकात माणसाच्या कातडीवर अभ्यास झाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथल्या उन्हात ‘ड’ जीवनसत्त्वाची सुरुवातच होत नव्हती. टोरोंटो तर बॉस्टनच्याही उत्तरेला. तुमचे डॉक्टर तुम्हाला हिवाळ्यात ‘ड’च्या गोळ्या का देतात, ते यातच आलं.

शॅमेलिऑनच्या कातडीत यूव्हीबी पडल्यावर ‘ड-३’चा पूर्वरूप पदार्थ तयार होतो, अंगाच्या उबेने त्याचं ‘ड-३’ होतं, पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात, आणि मग कुठे आतड्यातून कॅल्शियम शोषलं जातं. म्हणजे यूव्हीबी असून ऊब नसेल तरी गाडी अडते. ही साखळी तुटली की जबडा रबरासारखा लवतो, पाय धनुष्यासारखे वाकतात, जीभ सुटत नाही. पिल्लांमध्ये हे भराभर होतं. टेक्सासमधल्या गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी पँथर शॅमेलिऑनांवर काम केलं, ते मला फार आवडतं. ज्यांच्या शरीरात ‘ड-३’ कमी होतं, ते आपणहून यूव्हीबीखाली जास्त वेळ बसत. ज्यांच्यात पुरेसं होतं, ते बाजूला होत. म्हणजे बाजूला व्हायला सावली हवी, पानं हवीत. नुसता दिवा देऊन भागत नाही.

यासाठी लांब नळी घ्या, टी-५ प्रकारची, पिंजऱ्याच्या रुंदीइतकी, ज्यावर ५.० किंवा ६ टक्के लिहिलेलं असतं ती. वळलेला छोटा बल्ब नको. त्याचा उपयोगी झोत फार अरुंद. वरची जाळी यूव्हीबीचा बराच भाग अडवते, म्हणून अंतर मोजूनमापून ठेवावं लागतं. फांदीवर यूव्ही निर्देशांक ३च्या आसपास हवा, आणि तो मोजायचा मीटर महाग असतो. दोनचार कुटुंबांनी मिळून एक घ्या, भिशी लावतो तसं. नळीतून दिसणारा उजेड वर्षानुवर्षं टिकतो, यूव्हीबी मात्र आधीच उतरतं. मीटर नसेल तर वर्षाच्या आत नळी बदला आणि बदलल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा. झाडांसाठी आणि भरपूर उजेडासाठी वेगळा एलईडी लावलात तर उत्तमच, पण त्यातून यूव्हीबी मिळतं असं समजू नका.

हिवाळ्यातली दुसरी अडचण फर्नेसची, म्हणजे घर तापवणाऱ्या यंत्राची. बाहेरच्या गोठलेल्या हवेत पाणी मुळातच अत्यल्प. तीच हवा तापवून घरात फिरवली की आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. आपले ओठ फुटतात, त्याचे डोळे खोल जातात. विष्ठेतला पांढरा भाग पिवळा-केशरी दिसू लागला की समजा, तो तहानलेला आहे. इथे गारठा आपल्या मदतीला येतो. हवा गार असेल तर तेवढ्याच पाण्याने आर्द्रता जास्त होते. म्हणून पहाटेच्या आधी, पिंजरा गार असताना, दमट धुकं सोडायचं आणि दिवसा सगळं वाळू द्यायचं. त्याच्या डोंगरातही रात्री धुकं उतरतं. गरम, दमट आणि कोंदट पिंजरा मात्र फुफ्फुसांच्या संसर्गाला आमंत्रण देतो. जाळीच्या पिंजऱ्याच्या तीन बाजूंना प्लास्टिकचे पत्रे लावले की ओल टिकते आणि पुढून हवा खेळती राहते. आणि पिंजरा फर्नेसच्या व्हेंटसमोर ठेवू नका, हे न सांगताही कळायला हवं, तरी सांगते.

एका आजोबांनी मघाशी बाहेर विचारलं, भारतात नातवाला घेऊन देऊ का? आजोबा, आपल्या रानात मिळणारा घोयरा सरडा, म्हणजे भारतातला शॅमेलिऑन, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तो पकडणं किंवा पाळणं हा गुन्हा आहे. परदेशी प्रजातींना तिथे सरकारी नोंदणीचे नियम लागतात. नातवाला रानात नेऊन दाखवा.

शेवटी वीज जाण्याचं. २०१३च्या डिसेंबरात टोरोंटोत बर्फाचं वादळ झालं आणि तीन लाखांवर ग्राहक अंधारात होते, कित्येक घरं दिवसेंदिवस. असा अंदाज आला की आदल्या दिवसापासून खायला देणं बंद करा. रिकाम्या पोटी प्रौढ व्हेल्ड एखादी रात्र दहा अंशांतही काढतो. पिंजऱ्यावर गोधडी टाका, लहान खोलीत न्या, गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून बाहेरून टेकवा. घरात कॅम्पिंगची शेगडी किंवा बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू करून ऊब देण्याचा प्रयत्न चुकूनही करू नका, त्या विषारी वायूने तो आणि तुम्ही दोघेही जाल. दुसऱ्या दिवशीही वीज आली नाही तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्या घरी हलवा. पिल्लू असेल तर पहिल्याच दिवशी.

दवाखान्यात आणायचं झालं तर गाडी आधी गरम करा, त्याला फांदी लावलेल्या छोट्या डब्यात ठेवा, डबा जाड भिंतींच्या कूलर-पेटीत. बरोबर पिंजऱ्याचे फोटो, बल्बची खोकी, दिवसाचं आणि रात्रीचं तापमान लिहिलेला कागद आणि ताजी विष्ठा एका डबीत. पिंजरा घरीच राहू द्या. एकदा एक गृहस्थ कुंडीतल्या झाडासकट सगळंच घेऊन आले होते, आणि शॅमेलिऑन सोडून बाकी सगळं आम्हाला पटकन सापडलं.