लिलावात निघालेलं वांगचं चर्च

श्रोतेहो, नमस्कार.

युरोपातलं मध्ययुगीन चर्च म्हटलं की दगडी भिंती डोळ्यांपुढे येतात. नॉर्वेच्या खेड्यापाड्यांत मात्र बाराव्या-तेराव्या शतकांत पाइनच्या लाकडाची चर्च उभी राहिली. स्टाव्ह चर्च म्हणतात त्यांना. आपल्या वाड्यातला खांब तळखड्यावर उभा असतो, हे तुम्हाला सांगायला नको. तिथेही तसंच. दगडी पाया, त्यावर आडव्या तुळया, तुळयांवर खांब आणि उभ्या फळ्यांच्या भिंती. त्याआधीच्या चर्चचे खांब मातीत पुरलेले असत, ते कुजून गेले. मातीपासून सुटलेलं लाकूड टिकलं. पुन्हा सांगतो, मातीपासून सुटलेलं लाकूड टिकलं. वरून पाइनचंच डांबर लावत. आपल्याकडे देवळांच्या सागवानी खांबांना हल्ली ऑइल पेंट फासतात, कोरीवकाम बुजून जातं. फार वाईट वाटतं बघून. साधं तेलपाणी करा हो!

तर, वांग. वाल्ड्रेस भागातलं गाव. जुनं चर्च लोकांना अपुरं पडू लागलं, म्हणून नवं बांधलं आणि 1841 मध्ये जुन्याचा लिलाव पुकारला. जळाऊ लाकडाच्या भावानेही गेलं असतं ते! पण योहान क्रिस्तियान डाल नावाचा चित्रकार मध्ये पडला. मूळचा नॉर्वेतल्या बर्गनचा, राहायला जर्मनीत ड्रेस्डेनला. चर्च नॉर्वेतच राहावं म्हणून त्याने खटपट केली, जमलं नाही. मग त्याने थेट प्रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या मोठ्या जर्मन राज्याच्या, राजाला गळ घातली, आणि चौथ्या फ्रीडरिक विल्हेल्मने पैसे दिले.

आता चर्च न्यायचं कसं? शिएर्त्स नावाच्या वास्तुकाराने मोजमापं घेतली, आराखडे काढले, मग सगळं सुटं केलं. जहाजाने श्टेटिन बंदर, तिथून बर्लिन. बर्लिनमध्ये ते सुटे भाग पडूनच राहिले. राजाच्या मनात ते तिथल्या मोरांच्या बेटावर उभारायचं होतं. पण प्रशियाच्याच सायलेशिया प्रांतातल्या काउंटेस फॉन रेडेन यांनी राजाला सांगितलं, आमच्या डोंगरातल्या प्रोटेस्टंट लोकांना जवळ चर्चच नाही, ते इकडे द्या. राजाने ऐकलं. 1842 मध्ये पायाभरणी झाली, 28 जुलै 1844 ला प्रार्थनेसाठी खुलं झालं. आता तो भाग पोलंडमध्ये आहे, गावाचं नाव कार्पाच. बरंच लाकूड नवं घालावं लागलं, पण कोरीव दरवाजे नॉर्वेतून आलेले, तेच. डोंगरवारा फार, म्हणून शेजारी दगडी मनोरा उभा केला.

डाल तेवढ्यावर थांबला नाही. त्याच 1844 मध्ये त्याच्या पुढाकाराने नॉर्वेत जुन्या वास्तू जपणारी संस्था निघाली. याच संस्थेने 1877 मध्ये बोर्गुंडचं चर्च विकत घेतलं. छपरांच्या टोकांवर ड्रॅगनची तोंडं असलेलं ते चर्च तुम्ही फोटोत पाहिलं असेल. ते कुठेही न हलवता जागच्या जागी राखलं. नॉर्वेत आता अशी 28 चर्च उरली आहेत.