जुनी सही, जळालेला फ्यूज

[दृश्य: टेबलावर निन्टेन्डो स्विच. पॉवरचं बटण दाबलं जातं. स्क्रीन काळीच.]

हा गेम खेळायचा कन्सोल बिघडलेला नाही. बॅटरी पूर्ण चार्ज आहे. आतलं फर्मवेअर, म्हणजे कन्सोल चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, खुद्द निन्टेन्डोचं आहे आणि त्यातली एक ओळही कुणी बदललेली नाही. फक्त ते जुनं आहे. या कन्सोलवर आधी नवं फर्मवेअर येऊन गेलं होतं. मालकानं ते पुसलं आणि मागचं परत घातलं. कन्सोलनं ते ओळखलं आणि सुरू व्हायलाच नकार दिला.

मेमरी तर पुसली होती. मग ओळखलं कसं?

कन्सोलच्या फर्मवेअरवर कंपनीची डिजिटल सही असते. सही जुळली तरच ते चालतं. परका कोड अडवायला एवढं पुरतं. डोकेदुखी होते ती घरच्याच कोडची. एखाद्या आवृत्तीत भगदाड सापडलं आणि कंपनीनं ते पुढच्या आवृत्तीत बुजवलं, तरी जुन्या आवृत्तीवरची सही खरीच राहते. मग आत शिरू पाहणाऱ्याला कंपनीची सही करायची गुप्त चावी चोरायची गरज काय? कंपनीनंच सही करून दिलेलं जुनं फर्मवेअर बसवलं, की भगदाड पुन्हा उघडं. म्हणून डाउनग्रेड, म्हणजे मागच्या आवृत्तीवर जाणं, अडवायचं. आणि ते अडवायचं तर आपण कुठल्या आवृत्तीपर्यंत आलो होतो, हे कन्सोलच्या लक्षात राहायला हवं.

हे लक्षात ठेवायचं कुठं, यावरून कंपन्या आणि हॅकर यांच्यात बरीच वर्षं झटापट चालू आहे.

[दृश्य: पहिला पीएसपी. मेमरी स्टिक आत सरकते.]

सोनीचा पीएसपी हा हातात धरून खेळायचा कन्सोल जपानमध्ये डिसेंबर २००४ मध्ये आला. त्याचं १.०० फर्मवेअर इतकं भोळं होतं, की बिनसहीचे प्रोग्रामही चालवायचं. २.०० येईपर्यंत दारं बंद झाली. मग २००५ मध्ये कळलं, की एक मुद्दाम बिघडवलेलं टिफ चित्र उघडलं की पीएसपी गडबडतो आणि त्या गडबडीत आपला कोड चालवता येतो. त्यातून पुढे जे केलं गेलं, ते मला आजही गमतीचं वाटतं. कन्सोलवर कुठली आवृत्ती आहे, हे आतल्या एका साध्या फाइलमध्ये लिहिलेलं होतं. हॅकरांनी त्या फाइलमध्ये १.०० लिहिलं. मग सोनीचाच १.५० चा अपडेट चालवला. अपडेटला वाटलं, आपण कन्सोल पुढे नेतोय. प्रत्यक्षात तो २.०० वरून मागे चालला होता.

जी नोंद पुसता येते, ती खोटीही लिहिता येते. पीएसपीवर कस्टम फर्मवेअर बहरलं ते अशाच ढिलाईतून. सोनीचंच फर्मवेअर घ्यायचं, त्यातली सहीची तपासणी काढून टाकायची, वर आपल्या सोयी चढवायच्या. लोकांनी त्यावर एम्युलेटर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणारे प्रोग्राम, चालवले, स्वतः लिहिलेले गेम चालवले. आणि हो, चोरीचे गेमही चालवले, भरपूर चालवले. ते झाकून ही गोष्ट सांगण्यात अर्थ नाही.

[दृश्य: एक्सबॉक्स ३६० चा उघडा बोर्ड. कॅमेरा प्रोसेसरवरून एका बारीकशा रेझिस्टरवर येतो.]

मायक्रोसॉफ्टनं ही नोंद फाइलमधून उचलली आणि सिलिकॉनमध्ये नेली. एक्सबॉक्स ३६० चा प्रोसेसर आयबीएमनं घडवला. त्यात ७६८ ई-फ्यूज आहेत. ई-फ्यूज म्हणजे चिपमधला अतिसूक्ष्म दुवा. ठरावीक प्रवाह सोडला की तो कायमचा बदलतो. शून्याचा एक होतो, एकाचा शून्य पुन्हा कधीच होत नाही. महत्त्वाचा अपडेट आला की एक फ्यूज जाळायचा आणि त्या संख्येशी फर्मवेअरची सांगड घालायची. मागे जायचं तर जळालेला फ्यूज सांधावा लागेल, आणि ते कुणालाच जमत नाही.

याची गरज लवकरच पडली. ४५३२ आणि ४५४८ या दोन आवृत्त्यांच्या हायपरवायझरमध्ये, म्हणजे सगळ्या सुरक्षेच्या मुळाशी, भगदाड निघालं. जानेवारी २००७ मध्ये ४५५२ नं ते बुजवलं. ज्यांनी अपडेट केलं त्यांची वाट बंद. ज्यांनी केलं नव्हतं, त्यातले काही जण बोर्डवरचा एक रेझिस्टर उपटून टाकत. फ्यूज जाळायला लागणारा वीजपुरवठा त्यातूनच जातो. तोच तोडला, की अपडेट आला तरी जाळणार कसं?

आणि ज्यांचे फ्यूज आधीच जळाले होते? त्यांची वाट निघाली घड्याळातून. जुनं फर्मवेअर या कन्सोलचंच आहे हे पटवायला १६ बाइट्सचा एक हॅश, म्हणजे पडताळणीचा आकडा, बरोबर असावा लागे. तो प्रोसेसरमधल्या गुप्त चावीवरून ठरतो, त्यामुळे अंदाजानं सापडणं अशक्य. शक्यतांची संख्या ३९ आकडी आहे. पण बूटलोडर, म्हणजे कन्सोल सुरू करणारा छोटा प्रोग्राम, ही तुलना एकेक बाइट करत पुढे जात असे आणि पहिली चूक दिसताच थांबत असे. पहिला बाइट बरोबर असेल तर नकार यायला अगदी किंचित जास्त वेळ लागे. तो फरक मोजता येत होता. आकड्यांच्या कुलुपाचं प्रत्येक चाक बरोबर जागी आलं की टिक वाजावी, तसं. एका बाइटला जास्तीत जास्त २५६ प्रयत्न, १६ बाइट्सना ४,०९६. एक छोटी चिप बोर्डला जोडायची, ती कन्सोल पुन्हा पुन्हा सुरू करून वेळ मोजत राहते. त्यातून थेट ४५३२ वर नाही जाता येत. आधी अगदी मूळच्या १८८८ वर उतरायचं आणि मग तिथून ४५३२ पर्यंत चढायचं.

फ्यूज पक्का होता, गणितही पक्कं होतं. घात केला तो तुलना करणाऱ्या चार ओळींनी. मायक्रोसॉफ्टनं पुढे तुलनेला नेहमी सारखाच वेळ लागेल अशी व्यवस्था केली.

[दृश्य: जाडजूड पहिला प्लेस्टेशन ३. स्क्रीनवर लिनक्स सुरू होतं.]

अपडेट म्हणजे नेहमी नवं काही मिळणं, असंही नाही. प्लेस्टेशन ३ वर लिनक्स ही संगणकावरची ऑपरेटिंग सिस्टिम बसवता येईल, अशी सोय सोनीनं स्वतः दिली होती. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेनं सतराशेहून जास्त प्लेस्टेशन ३ जोडून एक महासंगणकही उभा केला. १ एप्रिल २०१० ला ३.२१ आवृत्ती आली आणि ही सोय गेली. सुरक्षेसाठी, असं कारण दिलं गेलं. अपडेट नको म्हणायची मुभा होती, पण मग ऑनलाइन खेळणं बंद. पैसे मोजून घेतलेली वस्तू दोन्हीकडून अर्धीच. अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला, तो वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी तडजोडीत मिटला.

२०१० च्याच डिसेंबरमध्ये बर्लिनच्या हॅकर संमेलनात फेलओव्हरफ्लो या गटानं दाखवलं, की सोनीच्या सहीत दर वेळी नवी यायला हवी ती यादृच्छिक संख्या दर वेळी तीच आहे. त्यावरून गुप्त चावीच काढता येते. मग ३.५५ ही आवृत्ती सोन्याच्या मोलाची झाली, कारण ३.५६ पासून सोनीनं चाव्या बदलल्या. चुकून पुढे गेलेल्यांनी मशिन उघडून, फ्लॅश चिपला तारा लावून मागचा रस्ता धरला.

[दृश्य: पुन्हा स्विच. उजवा जॉय-कॉन सरकवून काढला जातो.]

आता हा काळ्या स्क्रीनचा कन्सोल. स्विचमध्ये एनव्हिडियाची टेग्रा एक्स १ चिप आहे. तिच्यातही फ्यूज आहेत. ४.०.० ला पाच जळालेले हवेत, ५.०.० ला सहा. सुरू होताना बूटलोडर मोजतो. कमी भरले तर उरलेले जाळतो. जास्त भरले तर तिथंच थांबतो. अपडेटच्या बटणापाशी मात्र 'यातून परत फिरता येणार नाही' असं लिहिलेलं नसतं. कुलूप लावण्याबद्दल माझी तक्रार नाही. न सांगता लावण्याबद्दल आहे.

एप्रिल २०१८ मध्ये याच चिपच्या बूट रॉममधली, म्हणजे चिप सुरू होताच चालणाऱ्या पहिल्या कोडमधली, चूक जाहीर झाली. तिचं नाव फ्यूझे जले (Fusée Gelée). दुरुस्तीसाठी ठेवलेल्या यूएसबी मोडमध्ये, येणाऱ्या मागणीची लांबी नीट तपासली जात नव्हती. जॉय-कॉन या बाजूच्या कंट्रोलरच्या खाचेतली एक पिन ग्राउंडला जोडून त्या मोडमध्ये शिरता येतं. बूट रॉम फॅक्टरीतच कोरलेली, त्यामुळे विकल्या गेलेल्या कन्सोलना अपडेट पाठवून उपयोग नव्हता. या वाटेनं आलेला बूटलोडर फ्यूज मोजतच नाही. कितीही जळालेले असोत, जुनं फर्मवेअर सुरू होतं. काही जण तर मुद्दाम मूळचा बूट बिघडवून ठेवतात, म्हणजे कन्सोल दर वेळी त्याच मोडमध्ये उठतो आणि निन्टेन्डोच्या बूटलोडरला फ्यूज जाळायची संधीच मिळत नाही.

२०१८ च्या मध्यापासून आलेल्या स्विचमध्ये ही चूक नाही. कोरलेल्या रॉमला ठिगळ लावायची सोय चिपमध्ये आधीपासून होती. ते ठिगळ फॅक्टरीत फ्यूज जाळूनच लिहितात. त्यानंतरच्या कन्सोलसाठी मॉडचिप, म्हणजे बोर्डवर बाहेरून जोडायच्या चिप, आल्या. त्या फ्यूजच्या वाटेला जात नाहीत. सही तपासली जाते नेमक्या त्या क्षणी प्रोसेसरचा व्होल्टेज पाडतात.