प्रकल्पाची दुसरी फेरी

नमस्कार. आजचा विषय तुम्हाला कळवला होता तो असा: प्रकल्पातून विज्ञान शिकताना माध्यमिक शाळेतल्या मुलांना काय अनुभव येतात. त्यावर बोलायला तीन मुद्दे लिहून आणले आहेत. प्रश्न कोणाचा असावा, शिक्षकाने किती सांगावं आणि गुण कशाला द्यावेत. तिन्हींकडे येतो. पण त्याआधी एक गोष्ट मांडू द्या, कारण बरीच वर्षं ती माझ्या डोक्यात घोळते आहे आणि तुमच्यासारखे ऐकून घेणारे शिक्षक-पालक एका जागी रोज भेटत नाहीत.

शाळेतला प्रकल्प बहुतेक वेळा नेमका अशा जागी संपतो, जिथे विज्ञान सुरू व्हायचं असतं. मुलं विषय निवडतात, साहित्य जमवतात, मोजमापं घेतात. मग काहीतरी विचित्र दिसतं. आकडा जुळत नाही, रोप वाढायचं ते वाढत नाही, द्रावणाचा रंग भलताच येतो. आणि त्याच आठवड्यात सादरीकरणाची तारीख येऊन ठेपते. मुलांना पहिली फेरी मिळते. दुसरी मिळत नाही.

लंबकाची गोष्ट सांगतो. तुमच्यातल्या काहींनी ती माझ्याकडून आधी ऐकली असेल, पण आज ती सविस्तर सांगायची आहे.

नववीतल्या चौघांचा गट. लंबकाच्या मदतीने गुरुत्व त्वरण, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते, काढायचं, हा प्रकल्प. धातूचा गोळा, दोरा, स्टँड, स्टॉपवॉच, एवढंच साहित्य. दोरा मोजून १०० सेंटिमीटर घेतलेला. २० आंदोलनांचा, म्हणजे पूर्ण झोक्यांचा, वेळ घ्यायचा, २० ने भागायचं आणि उत्तर सूत्रात घालायचं. एकाच आंदोलनाचा वेळ का घ्यायचा नाही, हे त्यांना नीट ठाऊक होतं. बटण दाबताना हात थोडा मागेपुढे होतो, ती चूक २० आंदोलनांत विभागली जाते. लंबक लहान कोनातूनच सोडायचा, कारण सूत्र लहान झोक्यालाच लागू पडतं, हेही माहीत होतं. चांगली तयारी होती मुलांची. २० आंदोलनांना ४०.५ सेकंद लागले आणि उत्तर आलं ९.६. पुस्तकात ९.८.

पुन्हा मोजलं, ९.६. स्टॉपवॉच दुसऱ्याच्या हातात दिलं, तरी ९.६.

मी प्रयोगशाळेत शिरलो तेव्हा वहीतलं एक पान फाडलेलं होतं. नव्या पानावर सुंदर अक्षरात ४०.५ च्या जागी ४०.१ लिहिणं चाललं होतं. म्हणजे आधी उत्तर ठरवून त्यावरून मोजमाप काढलेलं. हे मी पाहतोय असं लक्षात आल्यावर लिहिणारा मुलगा म्हणाला, "सर, उद्या सादरीकरण आहे. चुकलेलं उत्तर कसं दाखवायचं?"

त्या मुलाला खोटारडा म्हणायला माझी जीभ धजत नाही. शाळेत कशाची किंमत होते, हे तो नीट शिकला होता. किंमत होते उत्तराची. आणि त्या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा शोध फाडलेल्या पानावर होता: कोणीही मोजलं तरी ९.६ च येतं! हात चुकत असता तर आकडे इकडेतिकडे विखुरले असते. कधी ९.५, कधी १०. दरवेळी त्याच बाजूला तेवढीच चूक होते, याचा अर्थ मांडणीतच काहीतरी ठाण मांडून बसलं आहे. ते शोधून काढणं हा खरा प्रकल्प. पण त्यासाठी मुलांकडे दिवसच उरला नव्हता.

सादरीकरण आठवडाभर पुढे ढकललं. त्यासाठी वेळापत्रकात किती जणांची मनधरणी करावी लागते, हे शिक्षकांना सांगायला नको. फाडलेलं पान शोधून चिकटवलं. मग मी एवढंच म्हटलं, की दोऱ्याची लांबी बदलून पाहा. ४०, ६०, ८०, १००, १२० सेंटिमीटर. दरवेळी आंदोलनकाल, म्हणजे एका झोक्याचा वेळ, काढा, त्याचा वर्ग करा आणि लांबीच्या समोर आलेख मांडा.

सूत्राप्रमाणे ही रेषा आलेखाच्या शून्यातून निघायला हवी. लांबी शून्य, तर काळही शून्य. मुलांची रेषा सरळ आली, छान आली, पण शून्यातून जाईना. चौघांतल्या एका मुलीने पट्टी लावून रेषा मागे वाढवली, तर ती लांबीच्या अक्षाला शून्याच्याही डावीकडे, उणे २ सेंटिमीटरच्या आसपास छेदून गेली. बराच वेळ ती त्या बिंदूकडे पाहत होती. मग म्हणाली, "सर, आपला लंबक आपण मोजतो त्यापेक्षा दोन सेंटिमीटर लांब आहे."

चौघांनीही एकदम गोळ्याकडे पाहिलं. दोरा त्यांनी गाठीपर्यंत मोजला होता. लंबकाची लांबी मोजायची असते गोळ्याच्या मध्यापर्यंत. गोळ्याचा व्यास घेतला, ४ सेंटिमीटर. त्रिज्या २. आणि रेषेच्या चढावरून गुरुत्व त्वरण काढलं तर ते ९.८ च्या अगदी जवळ आलं, कारण लांबी दरवेळी तेवढ्याच फरकाने चुकली तरी चढ बदलत नाही.

लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजावी, हे वाक्य त्यांच्या पुस्तकात होतं. त्यांनी ते वाचलं होतं, परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलंही असतं. त्या दुपारी ते त्यांना कळलं. नंतर त्या मुलीने आपल्या वहीत लिहिलं होतं: "पहिल्यांदा वाटलं आपण मठ्ठ आहोत. मग वाटलं आकडा काहीतरी सांगतोय." मुलांच्या अनुभवाबद्दल मला जे सांगायचं आहे ते या दोन वाक्यांत आहे. पहिलं वाक्य पहिल्या फेरीचं, दुसरं दुसऱ्या फेरीचं. आपण पहिल्या फेरीनंतर प्रकल्प बंद करतो, तेव्हा मूल पहिलं वाक्य घेऊन घरी जातं.

वहीचा विषय निघालाच आहे म्हणून थोडं विषयांतर करतो. प्रकल्पाची वही शिवलेली असावी, पानांना आकडे घातलेले असावेत, लिहिणं पेनाने व्हावं आणि चुकलं तर एक आडवी रेघ मारावी, खालचं वाचता यायला हवं. सुट्या कागदांची सुबक फाइल मला बघवत नाही. तिच्यातून नको ते पान कोणालाही न कळता जातं.

आणि माझी एक तक्रारही आहे. एका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षकांच्या मंडळात होतो. एका टेबलावर दिवे लागणारी, पाणी उडवणारी मोठी प्रतिकृती. भोवती गर्दी. शेजारच्या टेबलावर दोन मुली, परीक्षानळ्यांची एक घोडी आणि नळ्यांत लोखंडी खिळे. गंजण्याचा जुनाच प्रयोग. एका नळीत हवा आणि पाणी, एकीत कोरडी हवा, एकीत उकळलेलं पाणी आणि वर तेलाचा थर. तिसऱ्या नळीतला खिळा गंजायला नको, कारण उकळल्यावर पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते आणि तेल नवी हवा आत येऊ देत नाही. मुलींच्या तिसऱ्या नळीतला खिळा थोडा गंजला होता. त्यांनी तो लपवला नव्हता. वहीत लिहिलं होतं, की पाणी उकळून निवत ठेवलं, नंतर तेल ओतलं. निवताना हवा परत विरघळली असेल का? पुढे त्यांनी पाणी गरम असतानाच तेल ओतून दुसरी नळी लावली होती. तिच्यातला खिळा स्वच्छ होता. म्हणजे कोणी न सांगता त्या दोघींनी दुसरी फेरी केली होती!

गुणपत्रकावर शेरा पडला: 'निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे नाही.' मी वाद घातला, मतं माझ्या बाजूने पडली नाहीत. बक्षीस दिव्यांच्या प्रतिकृतीला गेलं. दिवे लावणाऱ्या मुलांवर माझा मुळीच राग नाही, त्यांनी मेहनत केली होती. पण त्या दोघींची वही मंडळातल्या बाकी कोणी उघडूनही पाहिली नव्हती आणि हे मला आजही सहन होत नाही.

असाच एक शाळकरी मुलगा टांझानियात होता, एरास्टो म्पेंबा. १९६३ साली शाळेत आइस्क्रीम करताना त्याने मिश्रण निवू न देता तसंच गरम गरम शीतकपाटात ठेवलं आणि ते निवलेल्या मिश्रणाच्या आधी गोठलेलं त्याला दिसलं. शिक्षकांना विचारलं, तर तुझा काहीतरी गोंधळ झालाय, असं उत्तर मिळालं. पुढच्या शाळेतही तो प्रश्न विचारत राहिला, तेव्हा 'म्पेंबाचं भौतिकशास्त्र' म्हणून त्याची थट्टा झाली. मग डेनिस ऑस्बोर्न नावाचे विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक शाळेत व्याख्यानाला आले. त्यांनाही याने तेच विचारलं. वर्ग हसला. ऑस्बोर्न यांनी मात्र परत जाऊन प्रयोगशाळेतल्या सहायकाला तो प्रयोग करायला सांगितला. सहायकाने कळवलं, की गरम पाणीच आधी गोठलं, पण बरोबर उत्तर येईपर्यंत आपण प्रयोग करत राहू! बघा, ४०.१ लिहिणारा माझा नववीतला मुलगा आणि विद्यापीठातला सहायक यांच्यात फार अंतर नाही. १९६९ मध्ये म्पेंबा आणि ऑस्बोर्न यांनी मिळून शोधनिबंध छापला. आणि गोष्ट तिथे संपत नाही. २०१६ साली दोन संशोधकांनी हा परिणाम पुन्हा तपासला. त्यांना त्याचा पुरावा मिळाला नाही आणि तापमापी सेंटिमीटरभर वर-खाली झाली तरी असा परिणाम असल्याचा भास होऊ शकतो, असं त्यांनी दाखवलं. वाद अजून मिटलेला नाही. एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाच्या फेऱ्या पन्नासहून अधिक वर्षं चालू आहेत.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, वेळ होत आला. तेव्हा कबूल केलेले तीन मुद्दे झरझर सांगतो.

प्रश्न कोणाचा? अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला, तेव्हापासून उत्तर तेच आहे. काम मुलाच्या मनातून आलेलं हवं. पण दहावीचं मूल रिकाम्या कागदासमोर घाबरतं, हाही अनुभव आहे. त्यातही नेहमी पहिल्या येणाऱ्या मुलांची घालमेल जास्त होते, कारण आजवर ज्या रस्त्याने यश मिळालं तो रस्ताच इथे नसतो. एरवी मागच्या बाकावर गप्प असणारी, हाताने काम करणारी मुलं अशा वेळी पुढे येतात. म्हणून विषयाचं कुंपण शिक्षकाने घालावं आणि त्याच्या आतला प्रश्न मुलांनी शोधावा. पहिल्या फेरीतून निघालेला प्रश्न तर आपोआपच मुलांचा असतो. तो दुसऱ्या कोणाचा असूच शकत नाही.

किती सांगावं? २००६ साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-संशोधकांनी मांडलं, की नवशिक्यांना कमीत कमी मार्गदर्शनावर सोडलं तर त्यांच्या कार्यकारी स्मृतीवर, म्हणजे एका वेळी डोक्यात जेवढं धरून ठेवता येतं त्यावर, ताण येतो आणि शिकणं कमी होतं. पुढच्याच वर्षी त्याला उत्तर आलं, की प्रश्न आणि शोध यांतून चालणारं शिक्षण नीट चालवलं तर त्यात मार्गदर्शन भरपूर असतं. मला दोन्ही बाजू पटतात आणि त्या लंबकाच्या गोष्टीत एकत्र दिसतात. लांबी बदला, वर्गाचा आलेख मांडा, हे मी सांगितलं. चौदा वर्षांच्या मुलांना ते आपणहून सुचायला हवं, अशी अपेक्षा मी ठेवणार नाही. उणे २ म्हणजे काय, हे मात्र मी सांगितलं असतं तर त्या मुलीचं वाक्य मी चोरलं असतं.

गुण कशाला? गटातल्या मुलांची सगळ्यांत कडवट तक्रार हीच असते: काम एकाने केलं, नावं चौघांची. त्यामुळे प्रत्येकाची वही वेगळी हवी आणि निम्मे गुण त्या वहीला हवेत. पालकांनी केलेली प्रतिकृती ओळखायला कष्ट पडत नाहीत, पण वहीत रोजच्या तारखेने नोंदी असतील तर तो प्रश्नच फारसा येत नाही. तोंडी परीक्षेत एकच प्रश्न पक्का ठेवा: तुला काय जुळलं नाही आणि मग तू काय केलंस?

शेवटी वेळापत्रक, कारण सगळं तिथेच अडतं. आठ आठवड्यांचा प्रकल्प असेल तर पहिल्या फेरीची मोजमापं तिसऱ्या आठवड्याअखेर जमा करून घ्या. चौथ्या आठवड्यात नवं काही करायचं नाही, वर्गात बसून एकमेकांच्या न जुळलेल्या आकड्यांवर बोलायचं. पाचवा आणि सहावा दुसऱ्या फेरीला, उरलेले दोन लिहायला आणि मांडायला. विषय कमी करावे लागले तर करा, वर्षाला दोनाऐवजी एकच प्रकल्प झाला तरी चालेल. सादरीकरणाच्या तक्त्यावर दोन्ही फेऱ्यांचे आकडे शेजारी शेजारी लावायला सांगा. आता प्रश्न घेतो. ज्यांनी हा प्रयत्न आधी करून पाहिला आहे आणि ज्यांना तो जमला नाही, त्यांनी आधी बोला.