नुसतं ‘दुखतंय’ म्हणू नका

[दृश्य : परळ, सकाळ. ओपीडीची रांग.]

टाटा, केईएम, वाडिया. परळच्या या पट्ट्यात येणाऱ्या बहुतेकांना काही ना काही दुखत असतं. कुठे दुखतंय ते सगळे सांगतात. कसं दुखतंय ते मात्र विचारावं लागतं, आणि औषध ठरतं ते बरंचसं त्यावरच.

लोकलमधून उतरताना पाय मुरगळला. घोटा सुजला, ठणकतोय. ही पेशींना झालेली इजा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, पाय उंच, आणि पॅरासिटामॉल. प्रौढ माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. यकृताचा आजार असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या गोळीतही बहुधा तेच असतं, म्हणून हिशेब चुकतो. आयब्युप्रोफेन रोज घेत राहिलं, तर जठरात व्रण होतात, मूत्रपिंडांवर ताण येतो.

मधुमेहात तळपायांची आग होते, मुंग्या येतात. नागीण बरी झाल्यावरही सदऱ्याचा स्पर्श सोसवत नाही. इथे नसच बिघडलेली असते. पॅरासिटामॉल फारसं उपयोगी पडत नाही. डॉक्टर प्रीगॅबालिन देतात, किंवा रात्री १० मिलिग्रॅम अ‍ॅमिट्रिप्टिलीनपासून सुरुवात करतात. ‘हे तर नैराश्याचं औषध!’ म्हणून माणसं ते चार दिवसांत सोडून देतात, आणि तिथेच उपचार फसतो. गुण यायला काही आठवडे लागतात.

कॅन्सरच्या तीव्र वेदनेला मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं वेदनाशामक, लागतं. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर ते मिळणं फार अवघड झालं. २०१४च्या दुरुस्तीनं परवान्यांचं जंजाळ कमी केलं. घरच्यांच्या मनातली भीती मात्र अजून आहे : सवय लागेल; मॉर्फिन दिलं, म्हणजे शेवट आला. या भीतीपायी माणसाला रात्रभर कण्हत ठेवणं क्रूर आहे. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं.

मॉर्फिनची साधी, म्हणजे लगेच काम करणारी, गोळी दर चार तासांनी, घड्याळ पाहून द्यायची. दुखेपर्यंत थांबलं, तर वेदना पुढे जाते आणि औषध मागे पडतं. मध्येच कळ उठली तर जादा मात्रा साधारण दिवसभराच्या एक षष्ठांश : दिवसाला ६० मिलिग्रॅम असेल तर १०. ती चिठ्ठीवर आधीच लिहून घ्या. सुरुवातीची मळमळ काही दिवसांत थांबते. बद्धकोष्ठता थांबत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीपासूनच सुरू करायचं.