बॉल पायथन: रंगाचं गणित, कागदाचा हिशेब

बॉल पायथन या पाळीव अजगराचं अल्बिनो पिल्लू कुणालाही ओळखू येतं. पिवळं-पांढरं अंग, लाल डोळे. त्यासाठी अल्बिनो जनुकाच्या दोन प्रती लागतात. पण त्याच जनुकाची एकच प्रत असलेलं भावंड साध्या तपकिरी सापासारखं दिसतं. त्याला ‘हेट’ म्हणतात. ते हेट आहे हे अंगावर कुठंच दिसत नाही, पैदास करणाऱ्याच्या वहीतच असतं. काही मॉर्फसाठी, म्हणजे रंग-नक्षीच्या प्रकारांसाठी, हल्ली टाकलेल्या कातीवरून जनुक-चाचणी होते, सगळ्यांसाठी नाही.

हेटला हेट लावला की प्रत्येक अंड्यातून अल्बिनो निघण्याची शक्यता चारात एक. लोक इथं फसतात. चार अंडी म्हणजे एक अल्बिनो हमखास, असं नसतं. सहा अंड्यांत एकही न निघण्याची शक्यता सुमारे 18 टक्के आहे. साधी दिसणारी भावंडं ‘66 टक्के हेट’ म्हणून विकली जातात, म्हणजे त्यातलं प्रत्येक हेट असण्याची शक्यता तीनात दोन. अल्बिनोला हेट लावा, मग साधी दिसणारी सगळी पिल्लं नक्की हेट.

पेस्टल या मॉर्फला जनुकाची एकच प्रत पुरते. दोन झाल्या की सुपर पेस्टल. स्पायडर हा मॉर्फ मात्र पैदाशीला लावू नये, हे माझं स्पष्ट मत. त्याची जाळीदार नक्षी आणि डोकं डुलण्याचा, तोल जाण्याचा दोष एकाच जनुकाबरोबर येतात. कितीही निवडून जोड्या लावा, दोष सुटत नाही.

मादी किमान दीड किलो वजनाची आणि साधारण तीन वर्षांची असावी. हलक्या मादीला लावलं तर ती अंडी घालून खंगते. अंडी सापडली तशीच उचला, वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण करा, उलटवू नका. गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटलेला असतो. अंडी ठेवायला वर्मिक्युलाइट (ओल धरणारं हलकं खनिज) आणि पाणी समान वजनानं मिसळा. मुठीत दाबल्यावर थेंब गळले तर जास्त ओलं आहे. तापमान 31 ते 32 अंश, दिवस 55 ते 60. तापमान त्याच्या वर चढत राहिलं तर पिल्लांचे कणे वाकडे होतात किंवा ती अंड्यातच मरतात. शेवटच्या पंधरवड्यात अंड्याला खळगा पडतो, ते ठीक. पहिल्याच आठवड्यात पडला तर ओलावा कमी पडतोय.

आता परवान्याचं. बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेतला, साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मधला. कायदेशीर आयातीला निर्यातदार देशाचा साइट्स परवाना लागतो. त्यावर ‘सी’ म्हणजे बंदिवासात पैदास झालेला, ‘डब्ल्यू’ म्हणजे रानातून धरलेला. हे एक अक्षर आधी वाचा. आपल्याकडे वन्यजीव कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीनं साइट्सच्या यादीतले असे प्राणी अनुसूची 4 मध्ये आले. 2024 च्या नियमांनुसार ताबा मिळाल्यापासून 30 दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करावा लागतो. पिल्लांचा जन्म, हस्तांतरण, मृत्यू, सगळ्याची नोंद हवी. म्हणजे जोडीची तारीख, अंड्यांची संख्या, प्रत्येक पिल्लाचे आई-बाप, हे जे वहीत हेटसाठी लिहायचं, तेच इथंही कामाला येतं.

आपला भारतीय अजगर मात्र अनुसूची 1 मध्ये आहे. तो पाळण्यासाठी हौशी माणसाला परवाना मिळत नाही, त्यामुळे अशा सापासाठी ‘कागद करून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊच नका.